गोळ्या चालू असताना टीएमएस घ्यावं का? नैराश्यावरच्या तीन वाटांची तुलना

नैराश्यावरची एक गोळी पुरेशा डोसमध्ये सहा-आठ आठवडे घेतली, मग दुसरीही घेऊन झाली, तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही. अशा वेळी डॉक्टर टीएमएसचं, म्हणजे चुंबकीय लहरींच्या उपचाराचं नाव काढतात. घरातून लगेच प्रश्न येतो, “मग आता गोळ्या बंद ना?” गोळ्यांनी थोडा जरी फरक पडला असेल, तर त्या चालू ठेवून टीएमएस जोडीला घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं. त्याची कारणं सांगते.

आधी नुसत्या गोळ्यांची वाट पाहू. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल, तर सुरुवात इथूनच करावी. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्या तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतात आणि फार महागही नाहीत. मळमळ, वजन वाढणं, लैंगिक इच्छा कमी होणं हे त्रास मात्र खरे आहेत, ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावेत. खरी अडचण पुढे येते. अमेरिकेत सुमारे 4,000 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये निष्कर्ष आलेल्या ‘स्टार-डी’ अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर हे प्रमाण 13-14 टक्क्यांवर आलं. पुढच्या फेरतपासणीत तर हे आकडे आणखी कमी भरले. म्हणून दोन औषधं नीट घेऊनही फरक नसेल, तर केवळ गोळी बदलत राहण्यात महिने घालवू नयेत.

दुसरी वाट नुसत्या टीएमएसची. बरेच जण याला ‘करंट देतात’ असं समजून घाबरतात. यात भूल नसते, झटका नसतो आणि स्मरणशक्तीही जात नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून डोक्याच्या वरच्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागावर कॉइल, म्हणजे चुंबकीय स्पंद देणारी तारेची गुंडाळी, धरतात आणि एकेक स्पंद देत जोर वाढवत नेतात. एका क्षणी तुमचा अंगठा आपोआप टुणकन हलतो. तो जेमतेम हलवण्याइतका जोर म्हणजे तुमच्या मेंदूचं माप. उपचाराचा डोस त्यावरून ठरतो, बहुतेकदा त्याच्या 120 टक्के. मग कॉइल डाव्या कपाळामागच्या भागावर सरकवतात. टकटक असा मोठा आवाज येतो, म्हणून कानात बोळे घालायला देतात. सुरुवातीला कपाळावर टोचल्यासारखं होतं, डोकं दुखतं, आणि बहुतेकांचं ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होतं. आकडी येण्याचा धोका असतो, पण फार क्वचित. डोक्यात धातूचा तुकडा किंवा क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), फिटचा इतिहास यांपैकी काही असेल, तर ते आधीच सांगायला हवं.

नुसतं टीएमएसही काम करतं. 2008 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, त्याला मान्यता दिली, ती ज्या चाचणीच्या आधारावर, तिच्यातल्या रुग्णांची नैराश्याची औषधं बंद ठेवलेली होती. ज्यांना एकही गोळी सोसत नाही, त्यांच्यासाठी ही वाट खुली आहे. पण चालू गोळी सोडून इकडे येणं मला जोखमीचं वाटतं. गोळी अचानक थांबली की चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते. मग सुधारणा दिसत नाही ती टीएमएस लागू न पडल्यामुळे की गोळी सुटल्यामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आता दोन्ही एकत्र. 2024 मध्ये आलेल्या ‘ॲसर्टेन’ चाचणीतल्या रुग्णांना दोन किंवा अधिक औषधं लागू पडली नव्हती. त्यांचे तीन गट केले. एका गटाने गोळी तीच ठेवून टीएमएस घेतलं, दुसऱ्याने तीच गोळी ठेवून ॲरिपिप्राझोल हे जोडीचं औषध घेतलं, तिसऱ्याने आधीची गोळी सोडून व्हेन्लाफॅक्सीन किंवा ड्युलोक्सेटीन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या गोळ्यांवर उडी घेतली. आठ आठवड्यांनी टीएमएसचा गट औषध बदलणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होता. ॲरिपिप्राझोलचा फायदा तितका सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या 89 रुग्णांच्या अभ्यासात टीएमएसने सुमारे 27 टक्के पूर्ण बरे झाले, औषध बदलून जेमतेम 5 टक्के. सायकोथेरपी दोन्ही गटांना होती.

एकत्र घेताना सोबत कोणती औषधं चालू आहेत, याला मात्र फार महत्त्व आहे, आणि इथे आपल्याकडे दुर्लक्ष होतं. झोपेसाठी किंवा घाबरल्यासारखं होतं म्हणून दिलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या अनेकांच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तशाच पुढे चालू राहतात. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पाहिलं, की या गोळ्या घेणाऱ्यांना टीएमएसचा फायदा कमी होतो. या गोळ्या मेंदूला शांत करतात, आणि टीएमएसला तर मेंदूचे जोड नव्याने घट्ट व्हायला हवे असतात. पण म्हणून त्या स्वतःहून एकदम बंद करू नका. त्यानेच आकडी येऊ शकते. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. उलट दिशेचं उदाहरणही आहे. कॅनडात कॅलगरीला 50 रुग्णांवर टीएमएससोबत सायक्लोसेरीन दिलं, म्हणजे आपल्याकडे टीबीवर वापरतात तेच औषध, अगदी कमी डोसमध्ये. त्या गटात 74 टक्क्यांना चांगला फरक पडला, नुसत्या टीएमएसच्या गटात 29 टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, त्यामुळे हे औषध आज मागायला जाऊ नये. पण औषध आणि चुंबक एकमेकांवर परिणाम करतात, हे त्यातून दिसतं.

ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ते मुद्दाम सांगा, त्याने आकडीची शक्यता थोडी वाढते. कोर्स चालू असताना गोळीचा डोस बदलला, रात्रभर झोप झाली नाही किंवा दारू घेतली, तर त्या दिवशी सिटिंगआधी तंत्रज्ञाला कळवा. अंगठ्याचं ते माप पुन्हा घ्यावं लागू शकतं.

एक अपवाद अगदी स्पष्ट आहे. रुग्ण खाणंपिणं सोडून बसला असेल, भास होत असतील किंवा जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, तर टीएमएसचे आठवडे मोजत बसू नका. तिथे ईसीटी, म्हणजे भूल देऊन विजेचा झटका देण्याचा उपचार, जास्त खात्रीचं आणि जलद आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. जुन्या पद्धतीत सिटिंग 37 मिनिटांची, थीटा बर्स्ट पद्धतीत, म्हणजे स्पंद झटपट पुंजक्यांनी देतात त्यात, तीन मिनिटांची, आणि 2018 मध्ये 414 रुग्णांच्या चाचणीत ही छोटी पद्धत मोठीपेक्षा कमी ठरली नाही. गावाहून पुण्या-मुंबईला यायचं असेल, तर कोणती पद्धत देणार हे आधीच विचारा. रोजची मशीनची वेळ सारखीच मिळाली तर कामावर जाणंही जमतं. खर्च विचारताना एका सिटिंगचा विचारू नका, पूर्ण कोर्सचा विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांइतकाच विमा मानसिक आजारांनाही द्यायला सांगितलं आहे, पण टीएमएस भरती न होता घेतलं जातं आणि तिथेच दावे अडतात. म्हणून मंजुरी कोर्सआधी विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणि कोर्स संपल्यावर गोळी किती महिने चालू ठेवायची, हे शेवटच्या सिटिंगपर्यंत न थांबता पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा.