सशांच्या शिकारीचा घरी बनवलेला जुना दिवा: उजेड फर्मास, खांदा बेजार

यॉर्कशायरच्या एका जुन्या बाजारात 8 पौंडांत मिळाला. शेजारच्या शेतकऱ्याच्या गव्हात सशांनी उच्छाद मांडलाय, म्हणून त्याच्या परवानगीने रात्री दिवा घेऊन शेतात सशांच्या शिकारीला जातो.

कुणा हौशी माणसाने गाडीच्या स्पॉटलाइटला छत्रीची मूठ बसवलीय. 12 व्होल्टची, 7 अँपिअर-अवरची बॅटरी कॅनव्हासच्या पिशवीत, खांद्याला. बल्ब 55 वॅटचा हॅलोजन, म्हणजे साडेचार अँपिअर खेचणार. तासाभरात उजेड पिवळा पडायला लागतो. पण तोवर काय झोत आहे! कुंपणापाशी डोळे लाल चमकतात, ससा जागीच दबून बसतो. बुजरे ससे असतील तर लाल फिल्टर लावायचा. इथे तो डब्याच्या झाकणात लाल प्लास्टिक बसवून केलाय, धगीने कडा वाकल्यात. बटण चक्क दारावरच्या बेलचं! दाबलं तरच पेटतो, बॅटरी वाचते. पण एवढा करंट त्याला झेपत नाही, बोटाला चटका बसतो.

त्याआधीच्या काळातले कार्बाइडचे दिवेही त्या बाजारात होते. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू निघतो, तोच जळतो; वर लसणासारखा उग्र वास. शोभेला ठीक.

हा मात्र घ्या, फक्त बटण बदला आणि वायरीत फ्यूज टाका. मूळ माणसाने तो घातलेलाच नाही.