चावीचं लंबकवालं घड्याळ सोलापूरच्या भिंतीवर कसं चालतं?

जुन्या घरांतली, आठवड्याला चावी द्यायची लंबकाची घड्याळं पुन्हा हौसेनं टांगली जातायत. गाडी गाठायला किंवा परीक्षेला वेळ बघायची असेल तर हे घेऊ नका, साधं सेलवरचं क्वार्ट्झ बरं. पण वेळ म्हणजे नेमकं काय मोजलं जातं, हे घरबसल्या बघायचं असेल तर याच्यासारखी वस्तू नाही.

लंबकाला दोनच गोष्टी कळतात: स्वतःची लांबी आणि गुरुत्वाकर्षण. 1672 मध्ये फ्रेंच खगोलज्ञ रिशे पॅरिसचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळ कायेनला गेला, तर ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंडनमध्ये जुळवलेलं घड्याळ सोलापुरात आणलं तर रोज सुमारे दोन मिनिटं मागे पडेल. यात बिघाड काहीच नाही, इथं गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे. त्यामुळे विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कारागिराला बोल लावू नका.

जुळवणी गोळ्याखालच्या नटानं होते. नट वर चढवला की गोळा वर सरकतो, लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे पळतं. साधारण 25 सेंटीमीटर लांबीच्या लंबकात 1 मिलिमीटर म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं, म्हणून एका वेळी पाव फेराच फिरवा. चावी भरलेली असताना आणि संपत आल्यावर चाल सारखी नसते, तेव्हा फरक दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी मोजा.

आता उन्हाळा. लोखंडी दांडी असेल तर तापमान एक अंश वाढलं की ती किंचित लांबते आणि दिवसाला साधारण अर्धा सेकंद जातो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत जुळवलेलं घड्याळ मे महिन्यात दिवसाला पाचेक सेकंद मागे पडणारच. क्वार्ट्झही सुटत नाही: त्याचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि साधारण 25 अंशांच्या आसपास सगळ्यात सरळ चालतो. 42 अंशांत तोही दिवसाला जवळजवळ एक सेकंद गमावतो.

गंमत अशी की माणसाचं आतलं घड्याळ उलटं वागतं. 1930 च्या दशकात होगलंड या शास्त्रज्ञानं तापानं फणफणलेल्या पत्नीला मनात साठ सेकंद मोजायला सांगितले. ताप चढेल तशी तिची मोजणी जलद होत गेली, म्हणजे बाहेरचं एक मिनिट तिला लांबलं. मात्र हे शरीराच्या तापाचं झालं. मे महिन्यातली दुपार सरत नाही त्याचा दोष उन्हापेक्षा कंटाळ्याकडे जास्त जातो.

टकटक काट्याच्या क्वार्ट्झबद्दल नेहमीची तक्रार: ‘नजर टाकली की काटा क्षणभर थांबतो.’ सेल बदलू नका. डोळा उडी मारतो तेवढा काळ मेंदूला नीट दिसत नाही आणि ती फट तो उडीनंतरच्या दृश्यानं मागे जाऊन भरतो. पहिला सेकंद म्हणून लांब वाटतो. काटा बिचारा चालूच असतो.

लंबकवाल्यातली कानाची फसवणूक वेगळी. दोन ठोक्यांमधलं अंतर असमान असेल तर घड्याळ लंगडतं आणि शेवटी थांबतं. पण अगदी समान ठोकेही मन ‘टिक-टॉक’ असे जोडीनं ऐकतं, तेव्हा कानावर विसंबू नका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून लाटांमधलं अंतर बघा आणि घड्याळाची पेटी खालून एक-दोन मिलिमीटर डावी-उजवी सरकवा. सोलापूरच्या धुळीत तेल लवकर घट्ट होतं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका; घड्याळाचंच, तेही आसांच्या टोकांना टाचणीनं थेंबभर, चाकांच्या दातांना अजिबात नाही.

जुळवायचं कशाशी? मोबाइलशी, सूर्याशी नव्हे. भारतीय वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे, त्यामुळे सोलापुरात सूर्य सरासरीनं 12 वाजून 26 मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो.

एकूण या घड्याळाला माझे गुण: पाचपैकी साडेतीन. घड्याळ पुढे गेलं तर काटा मागे फिरवू नका, टोल्यांचा हिशेब बिघडू शकतो. लंबक हातानं थांबवा आणि तितकी मिनिटं जाऊ द्या. मात्र घड्याळासमोर उभं राहून ती मोजत बसू नका, दहाची वीस वाटतील.