डाउनलोडचा कोणता आकडा धरायचा? पायपीआय, एनपीएम, गिटहब, होमब्रू आणि इतर

ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्याला हा आकडा कधी ना कधी लागतोच. अनुदानाचा अर्ज भरताना लागतो, ऑफिसात मॅनेजरकडे आठवड्याचे चार तास मागताना लागतो, पायथनच्या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट बंद करायचा की अजून वर्षभर ओढायचा हे ठरवताना लागतो. आणि नेमकं तेव्हाच दिसतं की एकाच टूलचा पायपीआयवरचा (पायथनच्या पॅकेजचं भांडार) आकडा लाखांत आहे, गिटहबच्या (कोड ठेवायची जागा) रिलीजवरचा शेकड्यांत आणि होमब्रूवरचा (मुख्यतः मॅकवर टूल बसवणारं साधन) भलताच. यातला खोटा कुठलाच नाही. प्रत्येक ठिकाणी मोजलेली गोष्ट वेगळी आहे आणि ती नेमकी कोणती हे कळलं की निवड सोपी होते.

पायपीआय आणि एनपीएम

पायथनला पायपीआय, तसं जावास्क्रिप्टला एनपीएम. दोन्हीकडे मोजतात ते एकच: सर्व्हरने पॅकेजची फाइल किती वेळा पाठवली. एनपीएमने २०१४ मध्येच जाहीर सांगून ठेवलं आहे की त्यांच्या आकड्यात माणसांबरोबर बिल्ड सर्व्हर, मिरर (भांडाराची प्रत ठेवणारे सर्व्हर) आणि दिसेल ते पॅकेज उतरवून तपासणारे बॉटही धरलेले असतात. त्यामुळे रोज पाच-पन्नास डाउनलोड दाखवणाऱ्या नव्या पॅकेजला प्रत्यक्षात एकही वापरणारा नसू शकतो. आपलं पहिलं पॅकेज टाकून दुसऱ्या दिवशी आनंदाने आकडा बघणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

फरक पडतो तो पुढे. एनपीएम तुमच्या हातात फक्त बेरीज ठेवतं: दिवसाची, आठवड्याची, आणि आवृत्तीनिहाय हवी असेल तर गेल्या सात दिवसांची. मशीन कोणती, नोडची (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आवृत्ती कोणती, मागणी सीआयमधून (कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा) आली का, यातलं काही कळत नाही. पायपीआय स्वतःच्या पानावर आकडा दाखवतच नाही, पण प्रत्येक डाउनलोडची नोंद गूगलच्या बिगक्वेरीवर (मोठ्या डेटावर क्वेरी चालवायची सेवा) सगळ्यांसाठी खुली ठेवतं. पॅकेजची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सची डिस्ट्रो (त्याचा कोणता अवतार), प्रोसेसर, देश, इन्स्टॉलर (पॅकेज बसवणारं टूल) पिप होता की यूव्ही, हे सगळं त्यात सापडतं. मोजमापाच्या बाबतीत पायथनवाले जावास्क्रिप्टवाल्यांपेक्षा फार सुखी आहेत, हे माझं स्पष्ट मत.

त्या नोंदीतला एक रकाना जवळून बघण्यासारखा आहे. त्याचं नाव सीआय. पिप चालताना आजूबाजूचे काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमने प्रोग्रॅमसाठी ठेवलेली सेटिंग्ज) तपासतो. जेन्किन्स, गिटलॅब, अ‍ॅझ्युअर वगैरे सीआय यंत्रणा आपापल्या खुणा तिथे ठेवतात. खूण सापडली तर पिप रकान्यात ‘ट्रू’ लिहितो. सापडली नाही तर मात्र ‘फॉल्स’ लिहीत नाही, रकाना रिकामा सोडतो. यामागचं कारण पिपच्या सोर्स कोडमधल्या कॉमेंटमध्येच आहे: खूण नाही म्हणजे सीआय नाही, असं पिपला खात्रीने ठाऊक नसतं, म्हणून तसं भासवायचंही नाही. इतकं प्रामाणिक मोजमाप फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. आणि ही सावधगिरी रास्तच आहे. सीआयवर डॉकर इमेज (सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्यासह बांधलेलं बंद पाकीट) बांधली जात असेल, तर बाहेरचे व्हेरिएबल सांगून दिल्याशिवाय आत पोचत नाहीत. मग आतला पिप सीआयवरच चालत असूनही रकाना रिकामाच राहतो. म्हणजे ‘ट्रू’ असलेल्या ओळी वगळल्या की निदान उघड उघड यंत्रांची गर्दी बाजूला होते, पण उरलेली सगळी माणसंच आहेत असं मात्र नाही.

गर्दी केवढी, त्याचा हिशेब करून बघा. तीन ऑपरेटिंग सिस्टिम, पायथनच्या पाच आवृत्त्या, म्हणजे एका पुशला (कोड एकदा गिटहबवर ढकलला की) सीआयचे १५ जॉब. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची स्वतःची सीआय) पिपची कॅश, म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलचा साठा, आपण सांगितल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून प्रत्येक जॉब फाइल नव्याने उतरवतो. दिवसाला २० पुश धरले तर ३०० डाउनलोड, आणि महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ६,६००. आणि टीममध्ये माणसं असतील तीन! आता याच्या उलट टोक: एखाद्या मोठ्या कंपनीत नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी, म्हणजे कंपनीच्या आतलं पॅकेजचं कोठार, बसवलेलं असतं. तिथे पायपीआयवरून फाइल एकदा येते आणि पाचशे मशीनवर वाटली जाते. पायपीआयच्या लेखी डाउनलोड एक. चूक दोन्ही बाजूंनी होते, म्हणून ‘एकूण भागिले शंभर म्हणजे वापरकर्ते’ असला ठोकताळा लावूच नये.

मग या आकड्याचा उपयोग काय? प्रमाण आणि चढउतार, यासाठी तो उत्तम. पायथन ३.९ चा सपोर्ट सोडायचा का, या प्रश्नाला इथून बऱ्यापैकी उत्तर मिळतं. फक्त सीआयचा रकाना रिकामा असलेल्याच ओळी घ्या, कारण सीआयच्या जॉबमध्ये सगळ्या आवृत्त्या समान वेळा चालतात आणि जुनी आवृत्ती आहे त्याहून जास्त वापरात दिसते. सहा महिन्यांचा कल बघा. शनिवार-रविवारी आकडा किती घसरतो हेही बघा. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबना सुट्टी नसते, माणसांना असते. देशाचा रकाना मात्र बाजूला ठेवा. तो डाउनलोड मागणारी मशीन कुठे आहे ते सांगतो. सोलापुरातला मुलगा गिटहबवर कोड ढकलतो आणि डाउनलोड परदेशातल्या डेटा सेंटरच्या नावावर पडतं.

दुसरं बघायचं ते हे की तुमचं पॅकेज कुणी नाव टाइप करून घेतं, की दुसऱ्याच्या शेपटीला येतं. आयडीएनए हे पॅकेज पायपीआयच्या अगदी वरच्या रांगेत असतं, पण ते मुद्दाम मागणारा क्वचितच भेटेल; रिक्वेस्ट्स (वेबवरून माहिती मागवायची लायब्ररी) घेतलं की ते सोबत येतं. अशा पॅकेजचा आकडा लोकप्रियतेचा नाही, जबाबदारीचा आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि बॅबेलसारख्या प्रकल्पांची बिल्ड धडाधड पडली. ‘हे उद्या गायब झालं तर किती ठिकाणी अडेल?’ या प्रश्नाला डाउनलोडची बेरीज खरंच चांगलं उत्तर देते, आणि सुरक्षेच्या कामासाठी पैसे मागायचे असतील तर तीच पुढे करावी.

बिगक्वेरीला महिन्याला १ टेराबाइटपर्यंतची क्वेरी फुकट आहे, पण तारखेची अट घालायला विसरलात तर तो कोटा एका फटक्यात संपू शकतो. एसक्यूएलच्या वाटेला जायचं नसेल तर पायपीआय स्टॅट्सवर गेल्या १८० दिवसांचे आकडे मिररसह आणि मिररशिवाय तयार मिळतात. क्लिकपाय हाही चांगला फुकटचा पर्याय आहे. बहुतेकांना एवढं पुरतं.

गिटहब

रिलीजला जोडलेल्या प्रत्येक फाइलचा डाउनलोड आकडा एपीआयमधून (प्रोग्रॅमने माहिती मागायची सोय) मिळतो. एखादं डेस्कटॉप अ‍ॅप थेट तिथूनच वाटत असाल, तर हा आकडा पायपीआयपेक्षा माणसांच्या जास्त जवळचा असतो, कारण डीएमजी किंवा इएक्सई फाइलवर बहुधा कुणीतरी स्वतः क्लिक केलेलं असतं. उणिवा तीन. गिटहब आपोआप बनवतं त्या सोर्स कोडच्या झिपला आकडाच नाही. फाइल काढून पुन्हा चढवली की मोजणी शून्यापासून सुरू होते. आणि मिळते ती आजवरची बेरीज, कोणत्या दिवशी किती ते नाही. स्टारबद्दल (प्रकल्प आवडल्याची खूण) विचाराल तर ते डाउनलोडच्या तुलनेत धरूच नयेत.

होमब्रू, डेबियन, फेडोरा

मला सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम इथे दिसतं. होमब्रू दोन आकडे वेगळे ठेवतं: एकूण इन्स्टॉल, आणि वापरणाऱ्याने स्वतः नाव देऊन केलेलं इन्स्टॉल. आयडीएनएसारख्यांचा जो गोंधळ वर सांगितला तो इथे मुळातच सुटतो. ३०, ९० आणि ३६५ दिवसांचे आकडे सर्वांना खुले असतात आणि ज्याला नको तो एका आज्ञेने मोजणीबाहेर पडतो. २०२३ मध्ये त्यांनी गूगल अ‍ॅनालिटिक्सही सोडलं. कमांड लाइन टूल बनवणाऱ्याने आधी हाच आकडा बघावा. मर्यादा उघड आहे: यात मुख्यतः मॅकवाले.

डेबियन या लिनक्स डिस्ट्रोचं पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट याच्या उलट टोकाला. इन्स्टॉल करताना विचारतात, आणि हो म्हटलं तरच मशीन आठवड्यातून एकदा अहवाल पाठवते. त्यात नुसतं पॅकेज आहे की नाही एवढंच नाही, तर ते अलीकडे चालवलं का हेही येतं. एकदा आणून पडून राहिलेलं आणि रोज लागणारं यांतला भेद बाकी कुणाच्याच आकड्यात इतका स्वच्छ दिसत नाही. पण हो म्हणणारे थोडे, म्हणून हा आकडा दोन पॅकेजेसची आपसात तुलना करायला घ्यावा, एकूण संख्या म्हणून नव्हे.

फेडोरा (हीही लिनक्सची डिस्ट्रो) आधी आयपी पत्ते मोजायचं. आपल्याकडच्या कॉलेजची लॅब डोळ्यांसमोर आणा: साठ मशीन एका राउटरमागे, मोजणीत एक. दुसरीकडे आयपी बदलत राहणारा एकच लॅपटॉप चार वेळा मोजला जातो. यावर उपाय म्हणून प्रत्येक मशीनला कायमचा ओळख क्रमांक द्यायचा प्रस्ताव आला, त्याला विरोध झाला, आणि त्यातून २०२० च्या फेडोरा ३२ पासून ‘काउंटमी’ आलं. मशीन एरवीही अपडेटची यादी मागतेच. आठवड्यातल्या एका मागणीला ती फक्त एक अंक जोडते. तो अंक इन्स्टॉलेशन किती जुनं आहे ते ढोबळ चार गटांत सांगतो: पहिला आठवडा, पहिला महिना, पहिले सहा महिने, त्याहून जुनं. क्रमांक नाही, नाव नाही, तरी आठवड्याला चालू मशीन किती आणि टिकून किती राहतात हे कळतं.

डॉकर हब

इथे थोडक्यात आवरतो. पुलचा (या भांडारातून इमेज उतरवल्याचा) आकडा दिसायला सगळ्यात भव्य आणि निर्णयाला सगळ्यात कमी कामाचा. शंभर सर्व्हरवर एकदा डिप्लॉय केलं की शंभर पुल, संध्याकाळी पुन्हा केलं की आणखी शंभर, आणि पानावर मिळते ती एक गोळाबेरीज. आपला मुंबईच्या फ्रॅपेचा ईआरपीनेक्स्ट (उद्योगांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या. तो बेंच या फ्रॅपेच्याच टूलमधून गिट क्लोनने, म्हणजे कोडची थेट प्रत घेऊन, येतो, त्यामुळे पायपीआयच्या पद्धतीची मोजणी त्याला लागूच होत नाही. डॉकरचे पुल दिसतात, पण त्यावरून किती कारखान्यांत आणि दुकानांत तो चालतो हे सांगता येत नाही. अशा सॉफ्टवेअरला दुसरी वाट लागते.

स्वतः मोजायचं असेल तर

ती वाट म्हणजे सॉफ्टवेअरनेच आपल्या वापराची माहिती बनवणाऱ्याला कळवणं, म्हणजेच टेलिमेट्री. इथे पाय जपून टाकावा. मे २०२१ मध्ये ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये गूगल आणि यांडेक्सच्या सेवा वापरून टेलिमेट्री घालायचा प्रस्ताव आला आणि इतका गदारोळ झाला की तो मागे घ्यावा लागला. गो भाषेच्या टीमने २०२३ मध्ये सगळ्यांसाठी आपोआप चालू असणारी टेलिमेट्री सुचवली, टीका ऐकली, आणि २०२४ च्या गो १.२३ मध्ये ती वापरणाऱ्याने होकार दिला तरच माहिती पाठवेल अशी आणली. वर्डप्रेसचा मार्ग मला जास्त पटतो. प्लगिनच्या पानावर ‘चालू इन्स्टॉलेशन्स’ असा गोल केलेला आकडा दिसतो आणि तो साइट एरवीही करत असलेल्या अपडेटच्या तपासणीतून काढलेला असतो. तुमचं अ‍ॅप अपडेट तपासत असेल तर फेडोरासारखा एक अंक त्याला जोडा, काय पाठवता ते पहिल्या पानावर लिहा आणि बंद करायची सोय द्या. छोट्या लायब्ररीत मात्र टेलिमेट्री घालूच नये; ती दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये पाहुणी असते.

आता निवड

जुनी आवृत्ती सोडायची असेल तर पायपीआयचं पृथक्करण, बाकी काही बघू नका. झेरोधाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या फ्लॉस फंडासारख्या ठिकाणी अर्ज करत असाल, तर एकूण डाउनलोड लिहा, पण शेजारी सीआय वगळून काय उरतं ते आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या प्रकल्पांची नावंही लिहा. जाणकार परीक्षक नुसती बेरीज बघून तिच्यातून मनातल्या मनात बरंच वजा करतो. कमांड लाइन टूल असेल तर होमब्रूचा नाव देऊन केलेल्या इन्स्टॉलचा आकडा आणि सोबत डेबियनमधलं स्थान. डेस्कटॉप अ‍ॅपला रिलीजच्या फाइलचे आकडे, आवृत्तीनिहाय. नवी आवृत्ती आल्यावर पहिल्या महिन्यात किती जणांनी ती घेतली, यावरून जिवंत वापरकर्ते किती याचा अंदाज बांधता येतो.

निवड काहीही केलीत तरी एक काम आजच उरकून टाका. रेपॉझिटरीचे क्लोन आणि भेटी गिटहब फक्त १४ दिवसांपुरते दाखवतं, आणि रिलीजच्या आकड्यांना तर इतिहासच नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहा, ती रोज एकदा चालू द्या, आकडे तारखेसह एका सीएसव्हीत साठत जाऊ द्या. पुढच्या वर्षी कुणी कल विचारला तर दाखवायला ती फाइल हाताशी असेल.