सबसिडाइज्ड कर्ज की अनसबसिडाइज्ड?

अमेरिकेत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या भाचीला कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र आलं. त्यात एकाखाली एक दोन कर्जं. "मामा, कुठलं घेऊ?"

दोन्ही सरकारी आणि अर्जही एकच, फाफ्सा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज. पदवीसाठी व्याजदरसुद्धा सारखाच. खरा फरक आहे तो व्याज कोण भरतं यात. सबसिडाइज्डचं व्याज तुम्ही किमान अर्धवेळ शिकत असेपर्यंत आणि पुढचे ६ महिने सरकार सोसतं. अनसबसिडाइज्डचं व्याज मात्र पैसे मिळाल्या दिवसापासून तुमच्या नावावर चढतं. समजा, २००० डॉलर ५ टक्क्यांनी घेतले, तर ४ वर्षांत ४०० डॉलर साचले. शिकतानाच महिन्याला आठ-नऊ डॉलर भरत गेलं तर हे ओझं राहत नाही. तिला मी हे दोनदा सांगितलं.

पण सबसिडाइज्ड फक्त पदवीला, तेही आर्थिक गरज असेल तरच, आणि पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३५०० डॉलर. अनसबसिडाइज्डला गरजेची अट नाही.

म्हणून मिळत असेल तर आधी सबसिडाइज्ड पूर्ण घ्या. ते पुरत नसेल, गरजेच्या निकषात बसत नसाल किंवा मास्टर्स करत असाल, तर अनसबसिडाइज्ड, लागेल तेवढंच. पत्रातली सगळी रक्कम उचलायची सक्ती नसते.