मुद्रणप्रतीसाठी वर्डपर्फेक्ट ५.१ की वर्ड २००३?

पुस्तकाची मुद्रणप्रत जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार करायची, असे ज्यांनी मनाशी ठरवले आहे, त्यांना त्याची कारणे विचारण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न उरतो तो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, एवढाच. डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरचे १९८९ सालचे वर्डपर्फेक्ट ५.१ आणि विंडोजवरचे वर्ड २००३ या दोन्ही लेखन-सॉफ्टवेअरमध्ये मी एकेक इंग्रजी पुस्तक अर्पणपत्रिकेपासून सूचीपर्यंत मांडले आहे आणि पुढचे मत त्या दोन अनुभवांवरच बेतलेले आहे. मजकूर देवनागरीत असेल, तर मात्र निवड करण्याजोगे काही उरत नाही. वर्डपर्फेक्ट ५.१ ला देवनागरी येत नाही आणि वर्ड २००३ ला युनिकोड या अनेक लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीमुळे येते.

वर्ड २००३ ची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच वरचढ आहे. प्रकरणाच्या शीर्षकाला एक स्टाइल, म्हणजे नाव देऊन ठेवलेली रचना, लावली, त्या स्टाइलमध्येच ‘नवीन पानावर सुरुवात’ असे सांगून ठेवले, की पुढे शीर्षकाचा टंक बदलावासा वाटला तरी एका जागी केलेला बदल सर्व प्रकरणांना लागू होतो. स्टाइलची सोय वर्डपर्फेक्टमध्येही आहे, पण तिचा वापर इतका अंगवळणी पडत नाही. डाव्या बाजूला प्रकरणांचा आराखडा उघडा ठेवता येतो. संपादकाने ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदल खुणेसह दाखवणारी सोय, वापरून केलेल्या दुरुस्त्या आजच्या वर्डमधून जुन्या डॉक फाइलच्या रूपात परत आल्या, तरी जशाच्या तशा दिसतात. ही शेवटची सोय ज्यांना अत्यावश्यक आहे, त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल.

माझे मत फिरले ते सेक्शन ब्रेकपाशी. पुस्तकाची सुरुवातीची पाने रोमन अंकांत, त्यांवर शीर्षपट्टी (पानाच्या माथ्यावर येणारी ओळ) नाही, आणि पहिल्या प्रकरणापासून पृष्ठांक १ व वर पुस्तकाचे नाव, ही रचना नेहमीचीच आहे. वर्डमध्ये त्यासाठी प्रस्तावना आणि पहिले प्रकरण यांच्यामध्ये सेक्शन ब्रेक, म्हणजे वेगवेगळ्या पृष्ठरचनेचे दोन भाग (सेक्शन) पाडणारी खूण, घालावा लागतो. आता यातली मेख अशी, की एखाद्या सेक्शनची सर्व पृष्ठरचना त्याच्या आरंभी नव्हे, तर त्याच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो ब्रेक पुसला, की त्याच्या आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनमध्ये विलीन होतो आणि पुढच्याची रचना अंगावर घेतो. म्हणजे बदल तुम्ही जिथे पाहत आहात तिथे होत नाही, तो मागे होतो, जी पाने तुम्ही केव्हाच पूर्ण झाली म्हणून सोडून दिलेली असतात तिथे.

प्रस्तावनेनंतर येणारे एक कोरे पान मला नको होते, म्हणून मी तो ब्रेक काढून साधा पेज ब्रेक घातला. चूक माझीच होती. परंतु ती कळली ती फाइल बंद करून, दोन दिवसांनी प्रत छापल्यावर. अर्पणपत्रिकेच्या वर पुस्तकाचे नाव आले होते, रोमन अंक नाहीसे झाले होते आणि पहिले प्रकरण पृष्ठ १५ वर गेले होते. ब्रेक पुन्हा घातला, तर नव्या सेक्शनची शीर्षपट्टी आपोआप मागच्याशी जोडलेली राहिली. त्यामुळे सुरुवातीच्या पानांवरची शीर्षपट्टी पुसताच ती संपूर्ण पुस्तकावरून गेली. आधी पुढच्या सेक्शनमध्ये जाऊन ही जोडणी तोडायची आणि मगच मागची पट्टी पुसायची, हा क्रम ज्याला माहीत आहे त्याला हे सारे क्षुल्लक वाटेल. मला तो त्या संध्याकाळी माहीत झाला. शिफ्ट आणि एफ१ दाबल्यावर उजवीकडे रचनेचा तपशील दाखवणारी चौकट वर्ड २००३ मध्ये आहे, हे खरे आहे. पण कर्सर आहे तिथली रचना काय आहे एवढेच ती सांगते, ती रचना कोणत्या ठिकाणाहून आली हे दाखवत नाही.

वर्डपर्फेक्टमध्ये नेमके हेच दिसते. ऑल्ट आणि एफ३ दाबले, की पडद्याच्या खालच्या भागात तोच मजकूर सर्व खुणांसह उघडतो. इथे तिरपा टंक सुरू झाला, इथे संपला, इथे ओळींमधले अंतर दुप्पट झाले, इथे पृष्ठांक नव्याने सुरू झाला. प्रत्येक खूण जिथे आहे तिथून पुढेच परिणाम करते, मागच्या पानांना ती हात लावत नाही. नको असलेली खूण शोधावी आणि अक्षर पुसावे तशी पुसावी. यातही खोडी नाहीत असे नाही. शीर्षपट्टीची खूण पानाच्या अगदी आरंभी नसेल, तर पट्टी पुढच्या पानापासून सुरू होते, आणि बरेच दिवस काम केलेल्या फाइलमध्ये निरर्थक खुणांचा कचरा साचतो. पण तो कचरा समोर दिसतो, आणि मला वाटते फरक तिथेच पडतो.

वर्डपर्फेक्टची खरी अडचण मांडणीत नसून त्याच्या भोवतालात आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, त्यासाठी डॉसबॉक्स-एक्ससारखे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर लागते. छपाईसाठी मी पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेचा प्रिंटर निवडून फाइल काढतो आणि घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करतो. पहिल्यांदा हे जमवण्यात माझा एक रविवार गेला. तिरपा टंक पडद्यावर तिरपा दिसत नाही, वेगळ्या रंगात दिसतो, आणि पान प्रत्यक्ष कसे येणार हे पाहण्यासाठी शिफ्ट व एफ७ मधून वेगळे दृश्य उघडावे लागते. काहींना हे सहन होणार नाही आणि त्यांना दोष देता येणार नाही. वर्ड २००३ बसवणे त्यामानाने सोपे, मात्र त्याचे सुरक्षा-अद्यतन ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले असल्याने परक्या फाइली उघडण्यासाठी ते वापरू नये.

सहलेखक असेल, किंवा प्रत संपादकाकडे वारंवार जाणार-येणार असेल, तर वर्ड २००३ घ्यावे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. एकट्यानेच शेवटपर्यंत काम करणाऱ्याने ठरवण्याआधी एक छोटी परीक्षा घेऊन पाहावी. सुरुवातीची चार पाने आणि एक प्रकरण दोन्हींत मांडावे, मधला ब्रेक मुद्दाम पुसावा आणि सर्व पूर्ववत करायला कुठे किती वेळ लागतो ते पाहावे, अनडू न वापरता. माझ्या तिसऱ्या पुस्तकाची सहा प्रकरणे सध्या वर्डपर्फेक्टच्या निळ्या पडद्यावर आहेत. प्रकाशकाला द्यायची वेळ येते तेव्हा मी फाइल लिबरऑफिस या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून डॉक स्वरूपात जतन करतो आणि तळटिपांचे क्रमांक तेवढे एकदा नजरेखालून घालतो.