मँचेस्टर ग्रामर की बर्मिंगहॅमचं किंग एडवर्ड्स?

इंग्लंडमधल्या या दोन्ही शाळा जुन्या, दोन्ही आधी डायरेक्ट ग्रँटवाल्या, म्हणजे सरकार काही मुलांची फी भरायचं, आणि ती स्कीम १९७०च्या दशकात बंद झाली तेव्हा दोघी सरकारी व्हायच्या ऐवजी प्रायव्हेट झाल्या. पण स्वभाव वेगळा हो.

मँचेस्टरची १५१५ ची, ह्यू ओल्डहॅम नावाच्या बिशपची. मला सगळ्यात भारी वाटतं ते खर्चाचं गणित, शाळेला अर्क नदीवरच्या पिठाच्या गिरण्या दिल्या होत्या आणि गावकऱ्यांनी दळण तिथेच आणायचं असा नियम, म्हणजे अख्ख्या गावाच्या दळणावर पोरांचं लॅटिन चाललं 😄 त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या त्या झाल्याच. बॅजवर घुबड, मुख्याध्यापकाला म्हणायचं हाय मास्टर.

किंग एडवर्ड्स १५५२ चं. तिथे गिरणी नाही, जमिनी, एका बंद पाडलेल्या धार्मिक गिल्डच्या, म्हणजे संघाच्या. शहर वाढलं तसं त्या जमिनींचं भाडं वाढलं, आणि त्याच पैशातून बाकीच्या शाळा निघाल्या, त्यातल्या काही आजही फुकट सरकारी ग्रामर आहेत, म्हणजे एन्ट्रन्स घेऊन पोरं निवडणाऱ्या शाळा. डीएनएची रचना शोधण्यात वाटा असलेले शास्त्रज्ञ मॉरिस विल्किन्स इथलेच.

१९३० च्या दशकात दोघींनी गजबजलेलं सेंटर सोडलं, एक फॅलोफील्डला, दुसरी एजबॅस्टनला, दोन्ही आपापल्या शहराची उपनगरं.

इतिहासाची मजा हवी तर मँचेस्टर. पण शहराला परत काय दिलं हे बघायचं तर माझं मत बर्मिंगहॅमला, कारण फी न परवडणाऱ्या हुशार पोराला त्याच ट्रस्टची दुसरी शाळा तरी आहे, अर्थात एन्ट्रन्स फोडली तर.