दगडखाणीची तक्रार कुठे करायची: तहसील, प्रदूषण मंडळ, डीजीएमएस की थेट हरित न्यायाधिकरण?

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग गेली आहे. तिच्यावर मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर ठिपका लावला आणि शेजारी पेन्सिलीने तारीख टाकली. साडेतीन आठवड्यांत ठिपका मधोमध तडकला. हा माझ्या हातातला पहिला धड पुरावा. त्याआधी मी शेजारच्या दगडखाणीबद्दल एकच लांबलचक अर्ज केला होता. धूळ, हादरे, रात्रीचे डंपर, आटलेली विहीर, सगळं एकात. तो तीन टेबलांवरून फिरून आला आणि प्रत्येक टेबलाने सांगितलं, "ही बाब आमच्या अखत्यारीत येत नाही." राग आला, पण नंतर कायदे वाचले तेव्हा कळलं की तिघेही आपापल्या जागी खरं बोलत होते.

गोम अशी आहे की प्रत्येक कार्यालय एकच गोष्ट मोजतं. महसूल खातं ब्रास (खोदलेल्या मालाचं घनमाप) मोजतं, प्रदूषण मंडळ धुळीचे मायक्रोग्रॅम मोजतं आणि डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हादरते ते मोजतं. तुमची भिंत कुणीच मोजत नाही. म्हणून आधी आपला त्रास कुणाच्या मापात बसतो ते ठरवायचं, मग दार निवडायचं. खालची तुलना महाराष्ट्रातल्या दगड-मुरूम-खडीच्या, म्हणजे गौण खनिजाच्या खाणींपुरती आहे.

तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी

सगळ्यात जवळचं दार हेच. खाणपट्टा आहे का, मुदत संपली का, हद्दीबाहेर खोदलंय का, परवान्यापेक्षा जास्त माल गेला का, हे त्यांचे प्रश्न. हातात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 48 आहे. त्यात बेकायदा उत्खननाला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, शिवाय यंत्रं आणि वाहनं जप्त करता येतात. पट्टा देण्याघेण्याचे नियम 2013 चे आहेत.

या दाराची जमेची बाजू म्हणजे वेग. तलाठी आणि मंडळ अधिकारी तालुक्यातच असतात, पंचनामा आठवड्यात होऊ शकतो. खाणीची ईटीएस मोजणी (इलेक्ट्रॉनिक यंत्राने केलेली खड्ड्याची मोजणी) मागता येते, आणि किती ब्रास निघाले व किती ब्रासचे वाहतूक परवाने काढले यातला फरक कागदावर येतो. 'महाखनिज' प्रणालीमुळे परवाने ऑनलाइन निघतात, त्यामुळे डंपरचा नंबर आणि वेळ लिहून दिली तर ती ताडून बघता येते.

उणी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. पट्टा कायदेशीर असेल, रॉयल्टी भरलेली असेल, तर तुमच्या स्वयंपाकघरात धूळ येते म्हणून तहसीलदार खाण बंद करणार नाही. आणि दंड बसला तरी तो सरकारच्या तिजोरीत जातो, दंड भरून खाण पुन्हा सुरू होते. खनिजातून महसूल मिळवणारं खातंच खनिजावर नजरही ठेवतं, हे विसरून चालत नाही. मी हे कुणाच्या हेतूवर शंका घेऊन म्हणत नाही, रचनाच तशी आहे.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर मात्र चित्र बदलतं. 1996 च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य त्या स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. तिथे पहिला अर्ज तक्रारीचा करू नका, त्या ठरावाची प्रत मागा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

धूळ आणि आवाज यांच्यासाठी हेच दार. खाणीच्या शेजारी क्रशर (दगड फोडून खडी करणारं यंत्र) असेल तर त्याला 1981 च्या हवा कायद्याखाली मंडळाचं संमतीपत्र लागतं, आणि संमतीपत्रात अटी असतात. क्रशरसाठी देशभर लागू असलेलं माप असं: यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर हवेतले धूलिकण घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. शिवाय धूळ दाबण्याची यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, आतले पक्के रस्ते, नियमित पाणी मारणं आणि हरितपट्टा बंधनकारक आहे.

यातल्या शेवटच्या गोष्टी मला आकड्यापेक्षा जास्त कामाच्या वाटतात. 600 ओलांडले की नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, पण भिंतच बांधलेली नाही हे मोबाइलच्या फोटोत दिसतं. मोजमापाच्या दिवशी क्रशर हळू चालवता येतो, नसलेली भिंत मात्र एका दिवसात उभी राहत नाही. अर्जात "फार धूळ येते" न लिहिता "कन्व्हेअरवर झाकण नाही, पूर्वेला भिंत नाही, टँकर येत नाही" असं लिहा.

मंडळाकडे मोठं हत्यार आहे: हवा कायद्याचं कलम 31-अ. त्याखाली युनिट बंद करण्याचा आणि वीज-पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. वीज तुटली की क्रशर खरंच थांबतो. पण आधी पाहणी, मग नोटीस, मग उत्तर, असा रिवाज आहे आणि त्यात महिने जातात.

रात्रीच्या आवाजाला वेगळा नियम आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री डंपर उलटा घेताना वाजणारा भोंगा यात सहज अडकतो.

डीजीएमएस: भिंतीला तडे गेले असतील तर

सुरुंगाच्या हादऱ्यांचं खरं दार हे, आणि बहुतेक लोकांना ते ठाऊकच नसतं. खाण सुरक्षा महासंचालनालय केंद्राच्या कामगार मंत्रालयाखाली येतं. मुख्यालय धनबादला, पण नागपूरलाही कार्यालय आहे. नाव ऐकून वाटतं की हे फक्त खाणीतल्या मजुरांसाठी असेल. तसं नाही. सुरुंगाचा परिणाम बाहेरच्या घरांवर किती व्हावा, याची मापं यांनीच ठरवली आहेत.

1997 च्या त्यांच्या परिपत्रकात जमिनीच्या कंपनाची मर्यादा दिली आहे. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं, मग ती कच्ची असोत की विटा-सिमेंटची, त्यांच्यासाठी कंपनाची वारंवारता (सेकंदाला किती वेळा हलतं ते) 8 हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 10, आणि 25 च्या वर 15. जुन्या ऐतिहासिक व नाजूक बांधकामांना याहून कमी: 2, 5 आणि 10. मंद हादऱ्याला मर्यादा कडक का? कारण घराची स्वतःची लय मंद असते आणि तेवढ्याच मंद हादऱ्याने भिंत जास्त डोलते. म्हणून "आवाज तर फारसा झाला नाही" या खाणवाल्याच्या उत्तराला अर्थ नाही. आवाज आणि हादरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्जात एकच मागणी स्पष्ट लिहा: आमच्या घराच्या जोत्यापाशी यंत्र ठेवून, नेहमीच्या सुरुंगाच्या दिवशी कंपन मोजा. खाणीच्या कुंपणापाशी घेतलेला आकडा दुसराच काहीतरी सांगतो. सोबत सुरुंगांची नोंद जोडा. माझी वही अगदी साधी आहे: "मंगळवार, दुपारी 1.40, दोन बार, मांडणीवरची भांडी वाजली, भोंगा झाला नाही." भोंगा न होणं हीसुद्धा नियमांची बाब आहे. 1961 च्या नियमावलीत सुरुंगाच्या जागेभोवती 300 मीटरचा घेर धोक्याचा मानला आहे आणि त्यातल्या माणसांना आधी सावध करून आडोशाला पाठवणं खाणीवर बंधनकारक आहे.

एक पळवाट आधीच बघून ठेवा. "आमची खाण लहान आहे, आम्हाला खाण कायदा लागू नाही," असं उत्तर येऊ शकतं. 1952 च्या कायद्याने दगड-मुरमाच्या छोट्या उघड्या खाणींना बरीच सूट दिली होती, पण तीन अटींवर: खोली 6 मीटरपेक्षा जास्त नको, माणसं 50 पेक्षा जास्त नकोत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. सुरुंग लागले की सूट गेली. तुमच्या वहीतली प्रत्येक ओळ त्या सुटीवर घाव आहे.

या दाराची अडचण म्हणजे अंतर. अधिकारी कमी, खाणी पुष्कळ. पण एकदा माणूस आला की तो जे लिहितो त्याला तांत्रिक वजन असतं, आणि पुढे न्यायाधिकरणात तोच कागद चालतो. सुरुंगाचा दगड छपरावर किंवा अंगणात पडला असेल तर मात्र डीजीएमएसची वाट बघू नका. आधी पोलीस. भारतीय न्याय संहितेचं कलम 288 स्फोटकांबाबतच्या निष्काळजीपणासाठीच आहे. दगड जपून ठेवा आणि पडल्या जागी फोटो काढा.

मधलं दार: प्रांत

याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133) प्रांताधिकारी सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा आदेश काढू शकतात. प्रदूषणाचे खास कायदे आले म्हणून हे कलम निकामी झालं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलाशिवाय अर्ज देता येतो. अट एकच, त्रास एका घराचा नको, वस्तीचा हवा. वीस सह्या असतील तर हे दार जरूर ठोठवा. एकटे असाल तर सोडून द्या.

लोकशाही दिनाचं, म्हणजे प्रशासनाने तक्रारी ऐकायला ठेवलेल्या दिवसाचं, नेमकं उलट. तिथे वैयक्तिक तक्रार लागते. शिवाय तिथून अर्ज पुन्हा संबंधित खात्याकडेच जातो, म्हणून मी तो फक्त अडकलेल्या अर्जाला धक्का द्यायला वापरतो.

हरित न्यायाधिकरण, पुणे

सगळ्यांना पहिल्यांदा आठवतं ते हे, आणि बहुतेकदा घाईने आठवतं. फी जड नाही. भरपाई मागितली नाही तर 1,000 रुपये, मागितली तर रकमेच्या 1 टक्का, किमान 1,000. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. स्वतः उभं राहता येतं.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, न्यायाधिकरण ठरावीक कायद्यांपुरतंच बघतं. पाणी, हवा, वन, पर्यावरण संरक्षण असे सात कायदे त्याच्या यादीत आहेत. खाण आणि खनिज कायदा त्यात नाही. म्हणजे "रॉयल्टी बुडवली" एवढंच घेऊन गेलात तर परत याल. "पर्यावरण मंजुरी नाही" किंवा "मंजुरीच्या अटी मोडल्या" असं मांडलंत तर आत जाल. 2012 च्या दीपक कुमार निकालाने 5 हेक्टरखालच्या छोट्या पट्ट्यांनाही ही मंजुरी लागू केली, त्यामुळे "आमची जागा लहान" हे उत्तर इथेही चालत नाही.

दोन, न्यायाधिकरण बहुधा संयुक्त समिती नेमतं आणि पाहणीला पाठवतं. समितीत कोण? जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि प्रदूषण मंडळाचा अधिकारी. ज्यांना वगळून तुम्ही पुण्याला गेलात तेच तुमच्या दारात येतात. त्यांच्याकडे तुमचा जुना अर्ज आवक क्रमांकासह पडलेला असेल तर पाहणीचा सूर वेगळा असतो.

अंतराबद्दलही लोक विचारतात. केंद्रीय प्रदूषण मंडळाने वस्तीपासून सुरुंगाशिवाय 100 मीटर आणि सुरुंगासह 200 मीटर असं अंतर सुचवलं होतं. केरळच्या एका प्रकरणात न्यायाधिकरणाने जुलै 2020 मध्ये ते लागू करायला सांगितलं, पण त्या आदेशाला न्यायालयात आव्हान मिळालं. म्हणून केवळ 200 मीटरवर सगळा डाव लावू नका.

मग कुठून सुरुवात?

मला विचाराल तर सुरुवात तक्रारीने नाहीच, माहिती अधिकाराने. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, आणि महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर 150 शब्दांत बसवावा लागतो. मागायच्या गोष्टी: खाणपट्ट्याचा आदेश व नकाशा, संमतीपत्र, पर्यावरण मंजुरीची प्रत आणि सहामाही अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्याचे). हे अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचे असतात. मंजुरीपत्र हाती आलं की त्यातल्या अटी वाचताना पेन्सिल घेऊन बसा. आमच्या शेजारच्या खाणीच्या कागदावर हरितपट्टा आहे. जागेवर सहा सुबाभळी आहेत, त्याही बहुधा आपोआप उगवलेल्या.

कागद आले की तीन वेगळे अर्ज करा. हद्द आणि परवाना तहसीलला, धूळ आणि आवाज प्रदूषण मंडळाला, हादरे डीजीएमएसला. प्रत्येकात फक्त त्यांच्या मापातलं लिहा. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मंडळाचा अर्ज आधी. भेगा वाढत असतील तर डीजीएमएसचा. विहीर आटली हे मात्र सगळ्यात अवघड प्रकरण. बेसाल्टात पाणी फटींमधून वाहतं, आणि ते खाणीमुळेच गेलं हे दाखवायला पाणीपातळीच्या आधीच्या नोंदी लागतात, ज्या कुणाकडेच नसतात.

चंद्रपूर-यवतमाळकडच्या कोळसा खाणींजवळ राहणाऱ्यांनी तहसीलवर फार वेळ घालवू नये. कोळसा गौण खनिज नाही. तिथे डीजीएमएस, प्रदूषण मंडळ आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं नागपूरचं कार्यालय हीच दारं.

न्यायाधिकरणाची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून मनात ठेवा. कलम 14 खाली अर्जाला मुदत सहा महिने, वर सबळ कारण असेल तर 60 दिवस. ही मुदत तक्रारीचं कारण *पहिल्यांदा* घडलं त्या दिवसापासून मोजतात, कार्यालयाने उत्तर दिलं नाही त्या दिवसापासून नव्हे. भरपाईसाठी कलम 15 खाली पाच वर्षं मिळतात, तो रस्ता लांब आणि वेगळा. माझ्या वहीचं पहिलं पान उघडलं तेव्हा त्यावरची पहिली नोंद सात महिने जुनी निघाली. ज्या वहीवर माझी सगळी मदार होती, तीच सहा महिने उलटून गेल्याची साक्ष देत होती. 60 दिवसांतला उरलेला जेमतेम एक महिना हातात होता, आणि उशीर का झाला हे सांगायला तीन टेबलांवरून फिरून आलेला तो पहिला अर्ज.